बदकाच्या ताटात काय वाढलंय?

मैत्रिणींनो, दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. कुडाळजवळच्या आमच्या घरी मी मोठ्या हौसेने बदकाची अकरा पिल्लं आणली. खाकी कॅम्पबेल जातीची. बचत गटातल्या एका वहिनीने सांगितलं होतं, "कोंबडीपेक्षा जास्त अंडी, रोगराई कमी आणि खायला काहीही चालतं." यातली पहिली दोन वाक्यं बऱ्यापैकी खरी निघाली. तिसऱ्या वाक्याने मात्र मला चांगलंच रडवलं.

"काहीही चालतं" म्हणून मी काय केलं, तर घरात असलेली तांदळाची कणी आणि मक्याचा भरडा सुरू केला. विकतचं खाद्य महाग, आणि ही तर पिल्लं, किती खाणार? पिल्लं आवडीने खात होती, पोटं टम्म भरत होती. मी निर्धास्त. तिसऱ्या आठवड्यात एक पिल्लू बसून राहायला लागलं. मग दुसरं. बघता बघता पाच पिल्लांचे पाय धनुष्यासारखे वाकले, गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजला. ती पंखांचा आधार घेत सरपटत खाण्यापर्यंत यायची. बघवत नव्हतं.

सासूबाई ओटीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, ही बदकां आसत, कोंबड्यो नाय. तुया पोट भरलंस, पण खाणा खंय घातलंस?"

मी टोपली उचलली आणि गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी पिल्लं हातात घेतली, पाय बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "खायला काय घालता?" माझं उत्तर ऐकून ते म्हणाले, "बाई, यांना रोग नाही. यांची उपासमार झाली आहे." पोट भरलेल्या पिल्लांची उपासमार! त्या एका वाक्यापासून माझी शाळा सुरू झाली. त्या शाळेत जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

पाय वाकले ते कशाने?

दोष होता नायसिन नावाच्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. 'ब' गटातलं हे जीवनसत्त्व. कोंबडीचं शरीर खाण्यातल्या प्रथिनांमधून थोडंफार नायसिन स्वतः तयार करून घेतं. बदकाला ही कला नीट जमत नाही, त्यामुळे त्याला ते खाण्यातूनच जास्त लागतं. कोंबडीच्या पिल्लाला एक किलो खाद्यात साधारण २७ ते ३५ मिलीग्रॅम नायसिन पुरतं, बदकाच्या पिल्लाला ५५ मिलीग्रॅम लागतं. आणि मी काय घालत होते? कणी, म्हणजे कोंडा काढून टाकलेला तांदूळ, ज्यात नायसिन फारसं उरतच नाही. आणि मका, ज्यातलं नायसिन अशा रूपात बांधलेलं असतं की ते पोटात गेलं तरी अंगी लागत नाही.

माणसांच्या बाबतीतही ही गोष्ट घडलेली आहे. नायसिन कमी पडलं की माणसाला पेलाग्रा होतो. त्वचा काळवंडते, सोलते, जुलाब होतात, डोकं ठिकाणावर राहत नाही. निव्वळ मक्यावर जगणाऱ्या लोकांत हा आजार जगभर दिसला. आपल्या दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरीब माणसांतही तो आढळला होता. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्यावर महत्त्वाचं संशोधन केलं. ज्वारी वाईट नाही, मकाही वाईट नाही. एकाच धान्यावर जगणं वाईट. माझ्या पिल्लांचंही तेच झालं.

डॉक्टरांनी पिण्याच्या पाण्यात घालायला 'ब' जीवनसत्त्वांचं औषध दिलं आणि खाणं बदलायला सांगितलं. गव्हाचा कोंडा, सुका जवळा, सोयाबीनची पेंड आणि थोडं यीस्ट सुरू झालं. पाचपैकी तीन पिल्लं हळूहळू उभी राहिली. दोन मात्र गेली. त्यांचे पाय फारच वाकले होते, उशीर झाला होता. आपल्या काटकसरीने दोन जीव गेले, ही बोच अजून जात नाही. म्हणून सांगते, पिल्लू लंगडायला लागलं की "होईल बरं" म्हणून थांबू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत उपाय झाला तर पाय वाचतात.

पिल्लाचं खाणं वेगळं, अंड्यावरच्या बदकाचं वेगळं

बाळाला आणि बाळंतिणीला आपण एकच जेवण देत नाही. बदकांचंही तसंच.

पहिले तीन आठवडे पिल्लांना प्रथिनं भरपूर लागतात. खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास तरी हवीत. पुढे वाढीच्या काळात १६ टक्क्यांपर्यंत आणलं तरी चालतं. मादी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते. तेव्हा १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि त्याबरोबर तीन टक्क्यांच्या वर कॅल्शियम हवं.

हे कॅल्शियमवालं खाद्य पिल्लांना मात्र घालायचं नाही हं. त्यांना एवढं कॅल्शियम झेपत नाही, मूत्रपिंडं खराब होतात. आमच्या गटात एका ताईने कोंबड्यांचं अंड्यावरचं खाद्य उरलं म्हणून पिल्लांना घातलं होतं. "एवढं महागाचं खाद्य, वाईट कसं असेल?" असं तिचं म्हणणं. महाग म्हणजे योग्य असं नसतं. ज्याचं त्याला.

ब्रॉयलर कोंबड्यांसाठी औषध मिसळलेलं खाद्य मिळतं, तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदकांना घालू नका. कोंबडीच्या हिशेबाने घातलेलं औषध बदकाला मानवेलच असं नाही.

पहिलं अंडं आणि मऊ टरफल

उरलेल्या नऊ पिल्लांत आठ माद्या आणि एक नर निघाला. हे प्रमाण चांगलं. सहा-सात माद्यांमागे एक नर पुरतो. नुसती खायची अंडी हवी असतील तर नराचीही गरज नाही. फक्त त्या अंड्यांतून पिल्लं होणार नाहीत.

नोव्हेंबरात पहिलं अंडं मिळालं. घरात कोण आनंद! बदकं पहाटेच अंडी घालतात, बहुतेक नऊच्या आत. म्हणून त्यांना सकाळी लवकर सोडायचं नाही, नाहीतर अंडी शेतात आणि कुंपणापलीकडे शोधत फिरावं लागतं. महिनाभर बरं चाललं. मग अंड्यांची टरफलं पातळ व्हायला लागली. एक दिवस तर नुसतं कातड्याचं अंडं हातात आलं, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं.

याचं कारण समजून घ्यायला जरा हिशेब करू या. खाकी कॅम्पबेलची मादी चांगलं खाणं आणि चांगली निगा मिळाली तर वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. घरगुती पद्धतीत तेवढी मिळत नाहीत, पण जात तशी आहे. एक अंडं साधारण ६५ ग्रॅमचं. म्हणजे वर्षाला जवळजवळ वीस किलो अंडी! बदकाचं स्वतःचं वजन किती, तर दोन किलोच्या आसपास. एका अंड्याचं टरफल सहा ग्रॅम धरलं तर वर्षाला पावणेदोन-दोन किलो नुसतं टरफल. आपल्या वजनाइतकं टरफल ती वर्षात घालते.

हे येतं कुठून? ताटातून. आणि ताटात नसलं तर? तिच्या हाडांतून. अंडी देणाऱ्या पक्ष्यांच्या हाडांत कॅल्शियमचा थोडा साठा असतो. खाण्यात कमी पडलं की शरीर तो साठा काढून टरफल बनवतं. साठा संपला की हाडं ठिसूळ होतात, टरफल पातळ होतं आणि शेवटी अंडीच बंद होतात. अंडं मिळतंय म्हणून आपण खूश असतो आणि ती मात्र आतून पोखरत असते.

इथे पुन्हा सासूबाई कामाला आल्या. आमच्याकडे तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या उकिरड्यावर जातात. त्यांनी त्या धुऊन कडक उन्हात वाळवायला लावल्या आणि व्हायनात मुसळाने कुटायला लावल्या. फार बारीक पीठ नाही, मुगाच्या दाण्याएवढे तुकडे. टरफल रात्री तयार होतं, तेव्हा संध्याकाळच्या खाण्याबरोबर हे तुकडे द्यायचे. जाडसर तुकडे पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात आणि नेमक्या वेळी कामाला येतात. एका पसरट भांड्यात वेगळेही ठेवायचे, ज्या मादीला हवे ती खाते. पानाचा चुना किंवा कळीचा चुना मात्र घालू नका, तो तोंड भाजतो. समुद्र जवळ नसेल तर पोल्ट्रीच्या दुकानात शिंपल्याचा चुरा मिळतो. घरातली अंड्याची टरफलंही भाजून, कुटून चालतात.

पंधरा दिवसांत टरफलं पुन्हा टणक झाली.

आमच्या घरचं मिश्रण

डॉक्टरांना विचारून मी अंड्यावरच्या बदकांसाठी जे मिश्रण करते, ते दहा किलोचं प्रमाण असं:

मक्याचा भरडा ४ किलो, तांदळाची कणी १ किलो, तांदळाचा कोंडा दीड किलो, सोयाबीनची पेंड दीड किलो, सुका जवळा ८०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ३०० ग्रॅम, शिंपल्याचा चुरा ७५० ग्रॅम आणि पोल्ट्रीसाठीचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण १५० ग्रॅम.

यात प्रथिनं साधारण १७ टक्के पडतात. कोंडा म्हणजे गिरणीतला बारीक, तेलकट कोंडा, तूस नव्हे. तुसात पोषण काहीच नसतं. कोंडा ताजाच आणा, महिनाभर ठेवला तर खवट होतो. जवळा बिनमिठाचा, उन्हात वाळवलेला घ्या. खारवलेली मासळी नको, जास्त मीठ बदकांना विषासारखं बाधतं. मी वेगळं मीठ घालत नाही. आणि जवळा स्वस्त मिळाला म्हणून प्रमाण वाढवू नका, अंड्याला मासळीचा वास येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

पूर्ण बांधून ठेवलेल्या मादीला दिवसाला १२० ते १५० ग्रॅम खाद्य लागतं. शेतात चरायला मिळालं तर निम्म्यावर भागतं. भातशेतीतल्या गोगलगायी, किडे, गांडुळं, बेडकाची पिल्लं, पडलेले दाणे हे त्यांचं खरं पक्वान्न. केरळात कुट्टनाडमध्ये भात कापून झालं की बदकांचे मोठमोठे कळप शेतातून शेतात फिरवतात, सांडलेल्या दाण्यांवर ती पोसली जातात. आपल्याकडेही कापणीनंतर सोडून बघा. पाणथळ जागेतल्या गोगलगायी खाल्ल्याने गुरांनाही फायदा होतो, कारण गुरांच्या यकृतातली कृमी याच गोगलगायींमधून पसरते. फक्त फवारणी झालेल्या शेतात सोडू नका.

अझोल्याबद्दल सगळ्या विचारतात. अझोला चांगला, मीही टाकीत वाढवते. पण ताज्या अझोल्यात बहुतेक पाणीच असतं. एक किलो ताज्या अझोल्यात सुकं अन्न जेमतेम ५०-६० ग्रॅम. तेव्हा तो कोशिंबीर समजा, जेवण समजू नका. पालेभाजीची देठं, कोबीची पानं यांचंही तसंच. त्याने बलक छान केशरी होतो, पण पोट त्यावर भागत नाही.

पाणी हेही खाणंच

बदकाला पोहायला तळं हवंच असं नाही. पण डोकं बुडेल एवढं खोल पाणी हवं. चोच, नाकपुड्या आणि डोळे ते पाण्यात बुडवून धुतं. उथळ ताटलीत पाणी दिलं तर नाकपुड्या चोंदतात, डोळ्यांना चिपडं येतात. जुनी घमेली किंवा पसरट बादली चालते. पिल्लांना मात्र उथळ भांडं द्या आणि त्यात दगड ठेवा, म्हणजे ती बुडणार नाहीत.

पाणी खाण्याच्या जवळच ठेवायचं. बदक एक घास खातं आणि पाण्याकडे पळतं, कारण कोरडं पीठ त्याच्या घशात चिकटतं. म्हणून खाद्य थोडं ओलं करून द्या, हातात मुटका वळेल इतपत. पण भिजवलेलं खाद्य दोन तासांत संपेल एवढंच भिजवायचं. उरलं की ते आंबतं आणि बुरशी धरते. आणि बुरशी म्हणजे बदकाचा सगळ्यात मोठा वैरी.

ओल लागलेली पेंड

आमच्या गटातल्या दुसऱ्या एका वहिनीची बारा बदकं होती. मागच्या पावसाळ्यात तिच्याकडे शेंगदाण्याच्या पेंडीचं पोतं भिंतीला टेकून होतं. तळाशी थोडी ओल लागली, वास जरा कुबट यायला लागला. गुरांना नको, बदकांना घालू, असं तिने ठरवलं. बदकांनी आधी खाणं टाकलं, मग ती अडखळत चालायला लागली. आठवड्याभरात चार गेली. त्या अंड्यांच्या पैशांतून मुलीच्या शिकवणीची फी जायची. वहिनी माझ्याकडे येऊन रडली.

पेंडीवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी एकाएकी मरायला लागले, लाखभर गेले. बदकांची पिल्लंही मेली. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष सापडलं. तेव्हाच जगाला ते माहीत झालं. पाळीव पक्ष्यांत बदकाला हे विष सगळ्यात लवकर बाधतं. कोंबडी ज्या खाद्यावर तग धरते, त्याच खाद्याने बदक मरू शकतं.

शिजवून किंवा उन्हात टाकून हे विष जात नाही. बुरशी पुसली तरी विष आत राहतं. म्हणून पावसाळ्यात मी शेंगदाण्याची पेंड बदकांना देतच नाही, सोयाबीनची देते. मका हातात घेऊन बघते, वास घेते. पोती फळीवर, भिंतीपासून लांब. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच खाद्य. आणि अशी पेंड गाईलाही घालू नका, त्या विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपलीच मुलं पितात. बुरशी आलेला पाव, शिळी भाकरीसुद्धा "बदकं खातील" म्हणून टाकायची नाही. बदक म्हणजे आपला उकिरडा नव्हे.

एका बाईची गोष्ट

खाकी कॅम्पबेल ही जात तयार केली एका बाईने, हे तुम्हाला माहीत आहे का? इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी. त्यांच्याकडे 'इंडियन रनर' जातीची एक मादी होती, भरपूर अंडी देणारी. नाव इंडियन असलं तरी ही जात मूळची इंडोनेशियाकडची. तिचा दुसऱ्या मोठ्या बदकाशी संकर करून, घरच्यांना भरपूर अंडी आणि थोडं मांसही मिळावं, एवढ्या साध्या विचारातून बाईंनी १८९८ च्या सुमारास ही जात लोकांपुढे आणली. पुढे तिचा रंग इंग्रज सैनिकांच्या गणवेशासारखा दिसला म्हणून 'खाकी'. घरच्या ताटाचा विचार करणाऱ्या बाईच्या परसात जन्मलेली ही जात आज आपल्या परसात आहे.

आता माझ्याकडच्या आठही माद्या अंडी देतात. पाय सुजलेल्या तिघींपैकी एक अजून लंगडते, पण अंड्याला मागे नाही. वहिनीनेही उरलेल्या आठ बदकांवर पुन्हा उभारी धरली आहे.

परवा गटाच्या बैठकीत मी हाडातल्या कॅल्शियमचा हिशेब सांगत होते. एक काकू गुडघा चोळत मध्येच म्हणाल्या, "म्हणजे बदक आणि आम्ही सारख्याच की गं! चार मुलं अंगावर पाजली, तेव्हा माझ्या ताटात कोणी काय वाढलं होतं?" सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. मोठ्या बाईला दिवसाला १००० मिलीग्रॅम कॅल्शियम हवं, अंगावर पाजणारीला १२००, असं आपल्याकडचे आहारतज्ज्ञ सांगतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. म्हणजे नाचणीची भाकरी, दूध-दही, सुकट, तीळ हे सगळं आपल्या घरात आहे. फक्त ते शेवटी जेवणारीच्या ताटात पोचत नाही.

सासूबाई बदकांना खाणं घालताना नेहमी एकच सांगतात, "जां घालशीत, तांच अंड्यात उतरतलां." त्या दिवशी घरी आल्यावर मी नाचणीची एक भाकरी जास्त भाजली आणि आधी त्यांना वाढली. मग माझ्या ताटात घेतली.

एवढं लक्षात ठेवा

• नुसती कणी किंवा नुसता मका नको. कोंडा, पेंड आणि जवळा मिसळा.
• पिल्लू लंगडलं की लगेच डॉक्टर गाठा, वाट बघू नका.
• अंड्यावरच्या बदकांचं कॅल्शियमवालं खाद्य पिल्लांना नको.
• शिंपल्याचे तुकडे रोज, आणि संध्याकाळच्या खाण्याबरोबर.
• पाणी डोकं बुडेल इतकं खोल, खाण्याच्या जवळ, रोज ताजं.
• कुबट वास आला की खाद्य टाकून द्या. पोत्याच्या पैशांपेक्षा बदक मोलाचं.